आधी वाफसा, मग पाइप: काळ्या मातीतल्या बागेचं पाणी

मे महिन्यात संध्याकाळी सहाच्या सुमाराला लातूरच्या कुठल्याही बंगल्यांच्या कॉलनीतून चक्कर मारा. एखाद्या तरी फाटकाखालून पाण्याचा ओहोळ रस्त्यावर आलेला दिसेल. आत लॉनवर पाइप सोडलेला असतो आणि सोडणारा चहाला गेलेला असतो. त्याच लॉनमध्ये खुरपं घालून पाहिलं तर चार बोटं खाली माती कोरडी ठणठणीत निघते. 2016 च्या एप्रिलमध्ये याच शहरासाठी मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीत 5 लाख लिटर पाणी होतं आणि ते बघायला स्टेशनवर गर्दी झाली होती. तरी पाइप सुटलेलाच.

यात माणसाच्या निष्काळजीपणाचा वाटा आहे, पण मोठा वाटा मातीच्या स्वभावाचा आहे. पुण्या-मुंबईच्या कुंडीतल्या बागकामाचे नियम काळ्या मातीला लागू पडत नाहीत. ज्यांनी नुकतीच बंगल्याभोवती किंवा सोसायटीत बाग लावली आहे आणि खाली काळी माती आहे, त्यांच्यासाठी हा लेख.

माती पाणी का नाकारते

आपली काळी माती दख्खनच्या बेसॉल्ट खडकाची झीज होऊन तयार झालेली. खोल काळ्या मातीत चिकणकणांचं प्रमाण 40 ते 60 टक्के असणं नेहमीचं, आणि हे कण ओले झाले की फुगतात, वाळले की आक्रसतात. म्हणून उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तीच जमीन चपला ओढून घेते.

बागेच्या दृष्टीने दोन आकडे लक्षात ठेवा. भेगा मिटल्यावर चिकण माती तासाला साधारण 1 ते 5 मिलिमीटरच पाणी आत घेते. वाळूसर माती तासाला 30 मिलिमीटरही सहज पिते. दुसरा आकडा मात्र आपल्या बाजूचा आहे. चिकण मातीचा एक मीटर थर झाडाच्या उपयोगी पडेल असं 150 ते 200 मिलिमीटर पाणी धरून ठेवतो, वाळूसर माती त्याच्या निम्मंही धरत नाही. थोडक्यात, हा रांजण मोठा आहे पण त्याचं तोंड अरुंद. अरुंद तोंडात बादली उपडी केली की काय होतं ते आपण फाटकाखाली पाहिलंच.

म्हणजे पाणी सावकाश द्यायचं, पोटभर द्यायचं आणि मग बरेच दिवस द्यायचंच नाही. आपल्याकडे नेमकं उलट चालतं: रोज, जोरात, थोडं थोडं.

पहिली पायरी: पाइप बाजूला ठेवून खड्डा खणा

आधी तुमच्याकडे खरोखर काळी मातीच आहे का ते बघा. बांधकाम झालेल्या प्लॉटवर वर लाल माती, मध्ये मुरूम आणि विटांचे तुकडे, खाली काळी असा सँडविच असतो. पहारीने दोन-तीन ठिकाणी फूटभर खोल खणा. खालची मूठभर माती भिजवून मळा आणि अंगठा व तर्जनीमध्ये दाबत तिची पट्टी काढा. पाच सेंटिमीटरहून लांब पट्टी न तुटता निघाली तर माती चिकण आहे.

आता त्याच खड्ड्यात काठोकाठ पाणी भरा आणि जिरू द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा भरा, कडेला पट्टी उभी करा आणि तासाभरात पातळी किती उतरली ते मोजा. तासाला एक सेंटिमीटरही उतरत नसेल तर निचरा वाईट समजा. पहिल्या दिवसाचं माप धरू नका. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत पाणी भसकन खाली जातं आणि आपली जमीन फार छान पाणी पिते असा गैरसमज होतो. मीही असाच फसलो होतो. मे महिन्यात खड्डा भरला, वीस मिनिटांत रिकामा झाला, खूश होऊन त्यावर लॉनचा हिशोब केला. ते पाणी मुळांना मिळालंच नव्हतं, भेगेतून सरळ खाली निघून गेलं होतं.

दुसरी पायरी: वाफसा ओळखायला शिका

शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही, पण शहरात बाग करणाऱ्याला शब्द माहीत असतो आणि त्याचा अर्थ हाताला माहीत नसतो. मातीच्या कणांमधल्या पोकळ्यांत ओल आणि हवा दोन्ही असणं म्हणजे वाफसा. मुळं पाणी घेतात ती या अवस्थेत. पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की मुळांना हवा मिळत नाही, ती गुदमरतात, आणि गंमत म्हणजे झाड तेव्हाही मान टाकतं. पानं लोंबली म्हणून माळी आणखी पाणी देतो. काळ्या मातीतली कितीतरी झाडं अशी मायेने मारलेली असतात.

पाहायची पद्धत सोपी. 10 ते 15 सेंटिमीटर खालची माती मुठीत घेऊन दाबा. हाताला चिकटली, दाबल्यावर चकाकली, तर ओल जास्त आहे. पाइपला हात लावू नका. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, अजूनही थांबा. गोळाच होत नसेल, भुगा पडत असेल, तर पाण्याचा दिवस आला.

रोज उकरायला नको म्हणून मी एक सळई ठेवली आहे, 6 मिलिमीटरची, दोन फूट लांब, वरच्या टोकाला हातात धरायला वाकवलेली. ओल्या मातीत ती लोण्यात सुरी जावी तशी जाते आणि कोरडा थर लागला की अडते. लॉनमध्ये 10 सेंटिमीटरवर अडली तर पाणी द्यायचं. झुडपांसाठी 20, मोठ्या झाडांसाठी 30 सेंटिमीटर धरा. पाणी दिल्यानंतर दुसऱ्या दिवशीही सळई घालून बघा, म्हणजे आपण दिलेलं पाणी कुठवर पोचलं ते कळतं. बागेसाठी घेतलेल्या सगळ्या सामानात ही सळई सर्वांत स्वस्त आणि सर्वांत कामाची. जमिनीतून केबल किंवा पाइप गेले असतील तिथे मात्र जपून.

तिसरी पायरी: आपण किती पाणी सोडतो ते मोजा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. पुढचं सगळं गणित याच एका वाक्यावर चालतं.

नळ नेहमीइतका सोडून 20 लिटरची बादली भरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा. अर्ध्या इंची पाइपला मिनिटभर लागला असं धरू, म्हणजे मिनिटाला 20 लिटर. आता 1000 चौरस फुटांचं लॉन, म्हणजे 93 चौरस मीटर. कडक उन्हाळ्यात लॉनमधून दिवसाला साधारण 5 मिलिमीटर पाणी उडतं, थंडीत त्याच्या निम्मं. दर तीन दिवसांनी पाणी द्यायचं ठरवलं तर 15 मिलिमीटर, म्हणजे सुमारे 1400 लिटर, म्हणजे 70 मिनिटं पाइप.

पण 15 मिलिमीटर पाणी ही माती तासाभरात पिऊ शकत नाही, म्हणून त्याचे तीन घोट करायचे. पहाटे पाच वाजता 23 मिनिटं, मग तासभर विश्रांती, पुन्हा 23 मिनिटं, पुन्हा विश्रांती, शेवटचा घोट. मधल्या वेळात पाणी मुरतं आणि पुढच्या पाण्याला जागा होते. 23 हा आकडा माझ्या पाइपचा, तुमचा वेगळा निघेल. तो काढायची खरी पद्धत अशी: पाणी सुरू करा आणि लॉनवर डबकी साचून पाणी सरकायला लागेपर्यंतची मिनिटं मोजा. त्याच्या थोडं आधी थांबायचं, तो तुमच्या मातीचा घोट. उतार असेल तर घोट लहान होतो.

जमिनीतून डोकं वर काढणारे फवारे बसवले असतील तर आणखी सावध. ते तासाला 35-40 मिलिमीटर पाणी टाकतात, म्हणजे 5 मिलिमीटरला सात-आठ मिनिटं पुरेत. कंत्राटदार टायमर वीस मिनिटांवर लावून जातो आणि आपण ते कधी बदलत नाही. फवाऱ्याचं पाणी सगळीकडे सारखं पडतं का हे बघायला लॉनवर सात-आठ सरळ कडांचे डबे ठेवून दहा मिनिटांनी पट्टीने मोजा. एका डब्यात 10 आणि दुसऱ्यात 3 मिलिमीटर निघालं तर वेळ वाढवून उपयोग नाही. नोझलमध्ये कचरा असेल तर साफ करा, किंवा फवाऱ्याचं तोंड फिरवा.

वेळ पहाटेची. वारा पडलेला असतो आणि ऊन चढायच्या आत पाणी मुरतं. संध्याकाळी दिलं तर गवत रात्रभर ओलं राहून बुरशी धरतं. नगरपालिकेचं पाणी आठवड्यातून एकदाच येत असेल तर मात्र वेळ आपल्या हातात नसते. तेव्हा टाकीत साठवून पहाटे सोडा. पाणी आलं म्हणून त्या क्षणी लॉनला लावू नका.

चौथी पायरी: झाडांना ठिबक, आणि तेही काळ्या मातीचं

झाडं आणि झुडपांसाठी ठिबकला पर्याय नाही. दुकानात गेलात की तासाला 4 किंवा 8 लिटरचे ड्रिपर, म्हणजे थेंब थेंब पाणी सोडणाऱ्या तोट्या, पुढे करतात. काळ्या मातीसाठी 2 लिटरचे मागा, फार तर 4. या मातीत पाणी खाली जाण्याबरोबर आडवंही चांगलं पसरतं, त्यामुळे झुडपांच्या ओळीत इनलाइन नळी (जिच्या आतच ठरावीक अंतरावर ड्रिपर बसवलेले असतात) घेतलीत तर दोन ड्रिपरमधलं अंतर 50-60 सेंटिमीटर चालतं. वाळूसर जमिनीसारखे 30 सेंटिमीटरवर ड्रिपर घेतले तर पैसेही जास्त जातात आणि पाणीही. ड्रिपरखाली ताटलीएवढं ओलं वर्तुळ ठीक आहे. परातीएवढं डबकं झालं तर वेग कमी करायला हवा.

एक उदाहरण मांडतो. दोन मीटर व्यासाची छत्री असलेलं झाड, म्हणजे सव्वातीन चौरस मीटरच्या आसपास सावली. उन्हाळ्यात दिवसाला 4 मिलिमीटर धरले तर 12-13 लिटर लागतील. पाच दिवसांचं एकदम म्हणजे 60-65 लिटर. 4 लिटरचे चार ड्रिपर चार तास चालवले की झालं. ड्रिपर खोडाजवळ लावू नका. पाणी पिणारी केशमुळं छत्रीच्या कडेखाली असतात, नळीचं कडं तिथे फिरवा आणि झाड वाढेल तसं ते बाहेर सरकवा. हे सरकवणं सगळेच विसरतात.

आळं करून पाणी देत असाल तर विदर्भातल्या संत्रा बागायतदारांसारखं दुहेरी आळं करा. खोडाभोवती फूटभर मातीचा उंचवटा, त्याला लागून आतली कड आणि छत्रीच्या रेषेवर बाहेरची कड. पाणी फक्त दोन कडांच्या मधल्या बांगडीत. खोडाला पाणी लागून राहिलं की डिंक्या होतो, खोडाची साल कुजते. ही भीती लिंबालाही आहे, मोसंबीलाही.

फिल्टर बसवल्याशिवाय ठिबक सुरू करू नका. बोअरचं पाणी जड असतं, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा क्षार बसतो. पंधरा दिवसांनी एकदा लॅटरलच्या, म्हणजे ड्रिपर लावलेल्या नळीच्या, शेवटची बुचं काढून पाणी मोकळं वाहू द्या. गाळ बाहेर पडतो. आणि त्याच दिवशी नळीवरून एक फेरी मारा, कारण खारीने कुरतडलेली नळी रात्रभर कारंजं उडवत असते आणि ते कोणाला दिसत नाही.

पाचवी पायरी: जमीन पाणी घेईल अशी करा

इथे लोक हमखास एक चूक करतात. चिकण माती भुसभुशीत करायची म्हणून ट्रॉलीभर वाळू टाकतात. वाळूचे दाणे चिकणमातीत रुतून बसतात आणि उन्हाळ्यात त्याची वीट होते. वाळू नको. कुजलेलं शेणखत, गांडूळखत, घरचं कंपोस्ट द्या, वर्षातून दोनदा, दर वेळी दोन-तीन सेंटिमीटरचा थर. चिकणकणांचे बारीक रवे बनवायचं काम सेंद्रिय पदार्थ आणि गांडुळं करतात, त्याला दोन-तीन वर्षं लागतात आणि त्याला शॉर्टकट नाही.

जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेल्या खनिजाची भुकटी, टाकावी का असंही विचारतात. जमीन चोपण असेल, म्हणजे सोडियम जास्त असेल, तर जिप्सम उपयोगाचं आहे. आपल्याकडच्या बहुतेक काळ्या मातीत चुनखडी, म्हणजे कॅल्शियम, आधीच भरपूर असते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठासारख्या ठिकाणी माती तपासून घ्या, अहवालात सोडियम जास्त निघालं तरच पोती आणा.

आता लाल मातीचा प्रश्न, कारण या एका गोष्टीने माझी चार झाडं खाल्ली. बाग करून देणाऱ्याने काळ्या जमिनीत दोन फुटी खड्डे घेतले आणि ते सुंदर लाल मातीने भरून रोपं लावली. दिसायला झकास. पण भोवतालची काळी माती पाणी पुढे जाऊ देत नव्हती, खड्ड्यांच्या भिंती फावड्याने घासून गुळगुळीत झाल्या होत्या, आणि प्रत्येक खड्ड्याचं बादलीसारखं झालं. वरची लाल माती दोन दिवसांत कोरडी दिसायची, आम्ही पाणी घालायचो, खाली तळात पाणी साचलेलं. कण्हेर तगली, बाकीची पिवळी पडून गेली. उपटली तेव्हा मुळांना सडक्या अंड्याचा वास होता.

त्यामुळे खड्डा खोल करण्यापेक्षा रुंद करा, भिंतींना टिकावाने ओरखडे काढा, निघालेली तीच काळी माती चौथाई शेणखत मिसळून परत भरा आणि रोप आजूबाजूच्या पातळीपेक्षा दोन बोटं उंच लावा. लॉनसाठी लाल मातीचा थर टाकायचाच असेल तर आधी खालची काळी माती उकरून दोन्हींचा सांधा मिसळून घ्या; दोन थर एकावर एक नुसते ठेवले की पाणी सांध्यावर अडतं.

ओल्या काळ्या मातीवर चालू नका, खणू नका. जे काम करायचं ते वाफशावर. लॉन घट्ट झालं असेल तर वाफशावर असताना काट्याच्या फावड्याने वीतभर अंतरावर भोकं पाडा आणि त्यात चाळलेलं कंपोस्ट झाडूने लोटा. पुढच्याच पाण्याला घोट मोठा झालेला दिसेल.

भेगा, आच्छादन आणि जोतं

"एक कोळपणी, अर्धे पाणी" असं आपल्याकडे म्हणतात ते याच मातीसाठी. भेग म्हणजे ओल उडून जायची उघडी खिडकी, आणि ती रुंदावताना बारीक मुळंही तोडते. खुरप्याने वरची पाच सेंटिमीटर माती भुसभुशीत करा, भेगा कंपोस्ट मिसळलेल्या मातीने बुजवा. मग हलकं पाणी शिंपडा, अर्धा दिवस थांबा, माती फुगून भेगा मिटल्या की खरं पाणी द्या. भेगेत पाइप खुपसून 'खोलवर' पाणी देणारे पाहिले आहेत. ते पाणी मुळांना चुकवून जातं.

खुरपणी झाली की झाका. पालापाचोळा, उसाचं पाचट, नारळाच्या शेंड्यांचे तुकडे, जे मिळेल ते, 7 ते 10 सेंटिमीटर जाड. खोडापासून चार बोटं मोकळी सोडा. लातूर भागात पाचट मागितलं तर कोणी नाही म्हणत नाही, आणि तरी कॉलनीत सगळे पाला झाडून पेटवून देतात. पांढरे गोटे अंथरायची फॅशन आली आहे. गोटे ओल काही अंशी धरतात पण मे महिन्यात झाड भाजून काढतात.

घराच्या जोत्यापासून एक-दीड मीटरच्या आत ठिबक किंवा फवारा नको. काळी माती ओली-सुकी होताना फुगते, आक्रसते, आणि भिंतीला तिरक्या चिरा पडतात. बागेचं पाणी वाचवायच्या लेखात हे कशाला, असं वाटेल. पण भिंत दुरुस्त करायला येणारा माणूस पहिल्यांदा बागेकडेच बोट दाखवतो.

कोणतं पाणी चालेल

भाजी-तांदूळ धुतलेलं, एसीचं, पावसाचं पाणी बिनधास्त वापरा. वॉशिंग मशीनचं पाणी काळ्या मातीला रोज देऊ नका. डिटर्जंटमधलं सोडियम चिकणकणांना सुटं करतं, पोकळ्या बुजतात आणि जमीन हळूहळू चोपण होते. आरओचं बाहेर टाकलेलं पाणी क्षारांनी भरलेलं असतं. फरशी धुवायला उत्तम, बागेला पुन्हा पुन्हा नको.

लॉन हवंच का

हे माझं मत. काळ्या मातीवर, टँकरच्या गावात, मोठं मेक्सिकन लॉन म्हणजे हत्ती पोसणं. मुलांना खेळायला लागेल तेवढा तुकडा ठेवा, तोही हरळीचा. ती खोल मुळं सोडते, उन्हाळ्यात पिवळी पडली तरी पहिल्या पावसात उठते. बाकीच्या जागेत बहावा, कांचन, आपटा, कडुनिंब लावा, कडेला बोगनवेल आणि कण्हेर. ही झाडं दोन-तीन वर्षं नीट जगवली की उन्हाळ्यात आठ-पंधरा दिवसांनी एक पाणीही त्यांना पुरतं.

एकसारखी तहान असलेली झाडं एका व्हॉल्व्हवर ठेवा. जास्वंद आणि कण्हेर एकाच नळीवर लावलं की एकाला कमी किंवा दुसऱ्याला जास्त होणारच.

पावसाळा आणि टायमर

पाऊस सुरू असताना फवारे चालू आहेत हे दृश्य सोसायट्यांमध्ये दर जुलैला दिसतं. मृग लागून जमीन एकदा पोटभर भिजली की टायमर बंद करा. कुंपणावर एक सरळ कडांची बरणी बांधून ठेवा. एका पावसात 20-25 मिलिमीटर साठले तर उघडीप पडली तरी लॉनचं पुढचं पाणी चार-पाच दिवस चुकवता येतं, झाडांचं त्याहून जास्त. पाऊण तास दणकून पडलेला पाऊस मात्र बरणीत दिसतो तेवढा जमिनीत गेलेला नसतो. अर्धा वाहून गेलेला असतो, तेव्हा सळईचं ऐका.

परतीचा पाऊस गेल्यावर घाई होते. दसरा झाला, ऊन तापलं, पाइप काढा, असं माळी म्हणतो. खाली फूटभर ओल असते तेव्हा. दर दोन दिवसांनी सळई घालत राहा. लॉनमध्ये ती 10 सेंटिमीटरवर अडली, त्याच्या दुसऱ्या पहाटे पहिला घोट.